शेवटच्या ओळीचे पैसे

वर्षातून दोनदा मी त्याला आंघोळ घालतो.
नगरपालिकेची शिडी, बादली, मऊ ब्रश,
आणि समुद्रपक्ष्यांनी खांद्यांवर केलेला
सहा महिन्यांचा सन्मान.

ब्लाएनगारो. वेल्समधलं आमचं गाव, पाटीच्या दगडाचं.
डोंगर सोलून सोलून आम्ही छपरं विकली,
जगभरच्या पोरांना पाट्या पुरवल्या
आणि स्वतः अंगठे उठवत राहिलो.
इदवाल प्रॉसर त्यातलाच.
तिसाव्या वर्षी फुटक्या पाटीवर
पहिलं अक्षर काढलं त्यानं,
आणि वर्षभरात खाणमालकाला सुनावला
पावाचा भाव, यमकात बसवून.

पुतळ्याच्या अंगात ओव्हरकोट आहे,
गुडघ्यापर्यंत, सहा बटणांचा.
अनावरणाला माझी पणजी होती. म्हणायची,
"कोट? त्याचा कोट तर बारा महिने गहाण.
मरून ब्राँझचा व्हावं लागलं बिचाऱ्याला
अंगभर पांघरायला."
कोट आतून पोकळ आहे.
मी टिचकी मारून पाहिलंय.

चौथऱ्यावर त्याच्याच तीन ओळी.
चौथी नाही.
मूर्तिकाराचे कसेबसे भागले, पाथरवट मात्र
अक्षरामागे पैसे घेई,
आणि वर्गणीचा डबा तिसऱ्या ओळीच्या टोकाला
रिकामा वाजला.
स्वल्पविराम तेवढा फुकट दिला त्यानं.
अजून आहे तिथं, शेवाळानं बुजलेला.

गुरुवारी मागच्या चॅपलमध्ये शिधा वाटतात.
रांग चौथऱ्याला वळसा घालून
बसथांब्यापर्यंत जाते.
मी शिडीवर, खाली मेरेरिद,
पायात रात्रपाळीचे बूट, कडेला गेथिन.
"एल्विन, जरा खालचं घास की.
तीन वर्षं टेकते याला,
काय लिहिलंय ते वाचलंच नाही."

खरं सांगतो, एरवी मी पाट्याच टाकतो.
त्या दिवशी दातांचा ब्रश घेतला.

ती बोट फिरवत वाचत गेली, मोठ्यानं:
डोंगर तुमचा, असू दे.
धूळ आमच्या छातीत, तीही असू दे.
पण ज्याचं ताट रिकामं त्यालाही नाव असतं,

"पुढं?"
"पुढं नाही."
"नाही म्हणजे?"
"पैसे संपले."

आधी मागची म्हातारी फिसकन हसली,
मग हसू रांगेतून सरकत गेलं
थेट बसथांब्यापर्यंत,
जिथं कुणालाच ठाऊक नव्हतं कशाला हसायचं,
तरी हसले.
जुने मास्तर म्हणाले, चौथी ओळ मला पाठ आहे.
त्यांची बहीण म्हणाली, ती नव्हेच ती.
भांडत भांडत दोघं दारापर्यंत पोचले.

मी बादली ओतून आलो तर
गेथिन चौथऱ्यापाशी उकिडवा,
हातात दगडाची कपची.
स्वल्पविरामाखाली, कोऱ्या जागेत,
पांढऱ्या रेघांनी स्वतःचं नाव.
एक अक्षर उलटं.

ते पुसायचं काम माझंच.
मार्चात बघू.