आरसा घेऊन जाणारा मुलगा

इरमिनाने फिल्म केली तेव्हा आम्ही एकोणीस वर्षांचे होतो.
कॅमेरा तिच्या मावशीचा, कुवेतहून आलेला,
त्याच्या पट्ट्याला अजून मावशीच्या पावडरचा वास.

गोष्ट काय, विचारलं तर म्हणाली, गोष्ट नाही.
एक मुलगा कपाटाचा आरसा घेऊन
रायबंदरहून चोडणला जातो.
आणि मग?
मग तो पोचत नाही.

आरसा आमच्याच घरचा. बिजागरीतून निसटलेला,
दोन वर्षं भिंतीला तिरका टेकून.
आई मान वाकडी करून त्यात कुंकू लावायची.

फेरीबोटीत मी तो छातीशी धरला.
वर माझं डोकं, खाली माझ्या चपला,
मधे मांडवी.
स्कूटरवाले माझ्या पोटाच्या जागी
स्वतःचे केस सारखे करत होते.
एका म्हातारीने मासळीची पाटी खाली ठेवली,
स्वतःकडे नीट बघून घेतलं
आणि विचारलं, कितल्याक दिता रे?

चेहऱ्यावर काही आणू नकोस, इरमिना म्हणाली.
ते मला फारच सोपं गेलं.

खाजनाच्या बांधावर, मानशीपाशी तिने मला उभं केलं.
घरी तू बाबल, दाखल्यावर रघुवीर,
मैदानावर नुसताच आठ नंबर.
आईशी कोकणीत बोलतोस, देवाशी मराठीत,
बँकेशी जमेल तशा इंग्रजीत.
स्वतःशी कुठल्या भाषेत?
आणि तिने लाल बटण दाबलं.

मी बोललो. बराच वेळ बोललो.
ओहोटी लागली, मानशीचं दार आपसूक उघडलं,
चिखलातून कुर्ल्या बाहेर येऊन
ऐकल्यासारख्या थांबल्या.
इरमिनाचे डोळे भरले होते
की उन्हाने बारीक झाले होते, सांगता येत नाही.

रात्री कळलं, माइक लावलाच नव्हता.

मग तिने मिळतील ते आवाज डकवले.
माझ्या पावलांना पोदेराचा भोंगा,
फेरीच्या इंजिनाला तिच्या पाईचं घोरणं.
आणि मी तोंड उघडतो तिथे
विहिरीत घागर बुडतानाचा आवाज,
बुड बुड बुड,
वर ओढल्याचा नाही.

क्लबच्या हॉलमध्ये चादर बांधून दाखवली,
हाउझीच्या दोन डावांच्या मधे.
लोकांना वाटलं मशीन बिघडलं.
कोणीतरी ओरडलं, सत्तावीस!
सगळे हसले, मीसुद्धा.
मागच्या बाकावर आई शेजारणीला सांगत होती,
तो आरसो आमचो.
माझ्याबद्दल काही बोलली नाही.

शेवटच्या दृश्यात बांधावर आरसा उभा आहे.
दोन्ही कडांवर माझी बोटं दिसतात, चार आणि चार.
म्हणजे मी मागे आहे.
आणि आरशात एक मुलगा
आमच्याकडे तोंड करून काहीतरी बोलतोय,
माझा शर्ट, माझा आठ नंबर.
हा कोण, मी विचारलं.
तू, इरमिना म्हणाली.
पण मी तर मागे होतो.
ती प्रोजेक्टरची वायर गुंडाळत राहिली,
कोपरापासून पंज्यापर्यंत, पंज्यापासून कोपरापर्यंत,
लोकर गुंडाळतात तशी.

आता ती परदेशात आहे, एका गोदामात
रात्रपाळीला खोकी चिकटवते.
मेमरी कार्ड तिच्याकडेही नाही, माझ्याकडेही नाही.
आरसा सुताराने पुन्हा कपाटाला बसवला, अगदी सरळ.
आईची मान मात्र अजून वाकडी होते.

कधीकधी दुपारी मी त्याच्यासमोर उभा राहतो
आणि नुसते ओठ हलवतो, आवाज न करता.
त्या मुलाचे ओठ आठवून आठवून
त्याने काय म्हटलं असेल ते जुळवत बसतो.

काल असाच उभा होतो.
स्वयंपाकघरातून आईने विचारलं,
कोणाकडेन उलयता रे?