दार उघडत नाही

उस्ताद गुराम यांचं दुकान कुताइसीत,
बाजारामागच्या दगडी जिन्याखाली:
एक शेगा, चार कानशी,
भिंतभर टांगलेल्या, अजून दात न फुटलेल्या किल्ल्या.
बावन्न वर्षं पाटी नव्हती.
"अडलेला माणूस विचारत येतो," ते म्हणायचे,
"आणि विचारणाऱ्याला वाट कुणीतरी दाखवतंच."

आता अडलेला माणूस फोनला विचारतो,
आणि फोन त्याला बातूमीच्या कंपनीकडे धाडतो,
जिचे आमच्या गावात पाच पत्ते आहेत.
एक मी नकाशावर मोठा करून पाहिला:
रिओनी नदीच्या ऐन पात्रात.

म्हणून मला बोलावलं. महिन्याला ऐंशी लारी
आणि त्यांच्या बायकोच्या हातची अक्रोडाची चटणी.

गिऱ्हाइकांकडून पाच तारे मागू या, मी सुचवलं.
म्हणाले, "मध्यरात्री जिन्यात अडकलेल्या बाईकडे?
तिने आधीच मोजलेत, वर बघून."

मग हातांची रील केली.
पितळेचा सोनेरी कीस, अंगठ्याचं काळं नख,
कानशीचा तो खर्र, खर्र.
चौसष्ट हजारांनी पाहिली.
ब्राझीलमधल्या कुणी लिहिलं: या आवाजाने मला झोप लागते.
उस्तादांनी ते तीनदा वाचून घेतलं,
मग काळजीने विचारलं,
"पण त्याचं कुलूप बिघडलंय का?"

ऑक्टोबरात मी यादी उघडली,
लोक आपल्याला शोधताना काय लिहितात त्याची.
किल्ली हरवली काय करू.
कुलूप बदलणे खर्च.
किल्ली नवऱ्याकडे आहे कुलूप बदलता येतं का
("येतं," उस्ताद म्हणाले, "त्याच दिवशी येतं.")
आजोबा वारले तिजोरीचा आकडा कुणाला माहीत नाही.
आणि खाली, पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी:
आई दार उघडत नाही.

धंद्याच्या ओघात बोलून गेले मी:
या शब्दांवर स्पर्धा नाही, आठवड्यात पहिले येऊ.
जीभ चावली,
पण वाक्य शेग्याच्या दातांत सापडलं होतं.

त्यांनी कानस पुसली. बराच वेळ पुसली.
"कोण होतं, थेओना?"
तसं कळत नाही. फक्त आकडा असतो. एक.
"आपलं नाव दिसलं त्याला?"
दिसलं. चौथं. बोट लावलं नाही.
"पहिलं कोण होतं?"

मी पडद्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.
नदीतला पत्ता.

त्या संध्याकाळी त्यांनी एक वेगळं पान करायला लावलं.
फोटो नको, दर नको, सवलत तर नकोच.
मोठ्या अक्षरांत नंबर, आणि खाली:
निघालोच. पैशांचं मागाहून.

एवढ्याने भागत नाही उस्ताद, मी म्हटलं,
निदान तीनशे शब्द लागतात,
गावाचं नाव पाच-सहा वेळा यावं लागतं,
नाहीतर पान वर चढत नाही.
"दाराशी उभा असलेला माणूस
तीनशे शब्द वाचत बसेल?"

नाही चढलं पान.
चार महिने झाले, अकराव्या पानाच्या तळाशी पडून आहे,
जिथे माझ्या धंद्यातले लोक म्हणतात,
प्रेत लपवावं, सापडत नाही.
हा विनोद मी पूर्वी नव्या गिऱ्हाइकांना सांगायचे.

कधी झोप मोडली तर मीच टाइप करते:
आई दार उघडत नाही.
उतरत जाते खाली, पान दर पान,
बातूमी, बातूमी, नदी, जाहिरात, नदी,
आणि आपल्याला बोट लावते.
अशाने काही वर सरकत नाही, मला ठाऊक आहे,
मी याच कामाचे पैसे घेते.

परवा अंगठा नंबरावर पडला.
कापायच्या आत, पहिल्याच रिंगला, उचलला त्यांनी.
आवाजात झोपेचा लवलेश नव्हता,
मागे बुटांची नाडी ओढल्याचा आवाज.

"पत्ता सांगा," ते म्हणाले.