बदल्यात

कन्नमवार नगर, तिसरा मजला.
सकाळपासून माळा उतरवतेय –
झाकण हरवलेले चार डबे,
डबा हरवलेली सहा झाकणं,
मिक्सरचा खोका, त्यात इस्त्रीचा खोका,
त्यात थर्माकोल, जपून ठेवलेला.
आणि एक पातेलं, पोटावर कोरलेलं:
‘चि. सौ. कां. नलिनी हिस, फणसे वहिनींकडून’.
एकदाही चुलीवर चढलं नाही बिचारं.

दुपारी बोहारीण आली, कंकूबेन.
साड्या झटकल्या, काठ उजेडात धरले,
ह्यांच्या सफारीच्या खिशात हात घातला.
सुपारीचं खांड निघालं.
ते माझ्या तळहातावर ठेवलं तिनं,
सफारी गठ्ठ्यात.
“बोल ताई, टब देऊ का तीन पातेली?”
म्हटलं, काहीच नको.

पहिल्यांदाच तिनं मान वर केली.
सगळे जिने घासाघिशीत चढलेली बाई,
तिला हा भाव ठाऊक नव्हता.
“असं नाय चालत. माझ्या डोक्यावर राहील ते.”
गठ्ठा उचलला,
जाताना एक चहाची गाळणी
उंबऱ्यावर टेकवून गेली.

पातेलं नाही दिलं. ते आहे.
बाकी माळ्यावर नुसती जागा,
शेजारच्या कुकरची शिट्टी
आत येऊन, हिंडून, परत जाईल इतकी.

चहा केला. सवयीनं दोन कप झाला.
दोन्ही मीच प्याले, सावकाश,
फरशीवर बसून, सुपारी गालात धरून.
मग पाय पसरले.
कशालाच लागले नाहीत.