निरंक

जनसुनावणी साडेदहाची, सुरू झाली पाऊण वाजता,
आश्रमशाळेच्या जेवणघरात. भिंतींना वरणाचा वास.
टेबल साहेबांना पुरलं,
मी इतिवृत्त गुडघ्यावर लिहीत होतो.

तालुका किनवट. साखळी क्रमांक बारा-चारशे ते एकोणीस-शून्य.
साग, धावडा, तेंदू, मोहा मिळून झाडं चार हजार एकशे बारा.
बाधित घरं : निरंक.
बाधित विहिरी : निरंक.
वन्यप्राण्यांच्या वाटा : निरंक.
अभियंत्यांना मधेच शिंक आली,
ते पुन्हा निरंकपासून सुरू झाले.

तांड्यावरच्या घमाबाई आडे उठल्या.
रस्ता पाह्यजेच, म्हणाल्या.
सून बाजेवर नेली आषाढात, चौघांनी, वढ्यापोतर.
वढा भरलेला. पल्याड जीप.
जीपवाल्यानं लाइट चालू ठेवला, आमाला दिसावं म्हणून.
आमी त्याला दिसत होतो.
तेवढंच.

नांदेडहून आलेले प्राध्यापक
नकाशा गुंडाळू लागले, परत उलगडला.
मी लिहिलं : एक महिला, समर्थनार्थ.

मग लेतू टेकाम, कोलामपोडावरचा.
वाचता येत नाही हे त्यानं आधीच सांगितलं,
आपण चहा घेत नाही सांगतो तसं.
साहेब, ते सारखं काय म्हणून राह्यले, निरंक?
साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.
मी म्हणालो, म्हणजे काही नाही.
काईच नाई?
काहीच नाही.
तो हसला, थोडंसं.

तुमी चुना मारला त्या दगडापाशी
अस्वल उतरती मोहाच्या दिसात, पिलू पाठीवर घेऊन.
आमी त्या वाटेनं सांजचं जात नाई,
ती आमच्या वाटेनं सकाळचं येत नाई.
कागुद केला नाई.
तिला बी सही येत नाई.

मागून काळीपिवळीवाला मुनीर ओरडला,
अस्वलाला दवाखाना लागत नाही!
हशा पिकला. घमाबाई हसल्या नाहीत.
तिला बी लेकरू हाय म्हणतोय तो, त्या म्हणाल्या,
आणि थोडं थांबून,
पण रस्ता पाह्यजे.

पाणी वाटणारी नववीतली पोरगी म्हणाली,
मग आधी वढ्यावरचा पूल का नाही?
पूल वेगळ्या लेखाशीर्षात येतो, साहेब म्हणाले.
तिचं नाव विचारायचं राहून गेलं.
अठराच्या आतल्यांची नोंद घेता येत नाही तशीही.

आभार. समोसे. उपस्थितांच्या सह्या एकशे सहा,
अंगठे एकोणचाळीस.

खरं सांगतो, हा रस्ता झाला
तर माझी रोजची चाळीस मिनिटं वाचतात.
ती कशात घालवायची हेही मी ठरवलेलं आहे.
तरी परतताना चुन्याच्या दगडापाशी गाडी बंद केली.
कामून, ते माहीत नाही.
काही आलं नाही.
बराच वेळ काही आलं नाही.
मोह पडत होता, एकेक, वाळल्या पानांवर,
आणि खाली कोरड्या ओढ्यापल्याड
कुणाच्या तरी गाडीचा लाइट, उगाच चालू.

सकाळी टंकलेखनाला बसलो.
घरं, विहिरी नीट उतरवल्या.
तिसऱ्या ओळीत विसर्गचिन्हापुढं बोट थांबलं.
शब्द बदलायचा अधिकार मला नाही.
जागा सोडली.

सही करता करता साहेब म्हणाले,
इथं काहीतरी राहिलंय.
म्हटलं, हो.