पंचवीस मिलिमीटर

उत्तर वेल्समधलं हे पाटीच्या दगडाचं गाव.
छपरं करडी, डोंगर करडे,
आभाळसुद्धा त्याच खाणीतून फोडून काढलेलं.
गेथिननं लाल गाडी आत घेतली
आणि चाकावरच्या पोकळीत चार बोटं घालून दाखवली:
'एवढी जागा नको. बसव खाली.
रस्त्याला पोट टेकलं पाहिजे.'

मैनिरनं हात पुसले,
त्याची दोन बोटं मिटली.
'इतकंच.
पंचवीस मिलिमीटर. त्याखाली
माझं दुकान बंद.'

तो कातावला. म्हणाला, पोर्थमाडोगला
स्प्रिंगा कापून देतात, दुपारपर्यंत, पन्नास पौंडात.
'देतात ना,' ती म्हणाली,
'त्यांच्या गाड्या मीच ओढून आणते, खड्ड्यातून.'

मग खडू घेतला.
भिंतीला टेकवलेली बापाच्या खाणीतली एक लादी,
तिच्यावर चाक काढलं, दांड्या काढल्या,
आणि मधे एक टिंब.
'हे दिसत नाही. याला हात लावता येत नाही.
पण वळणावर सगळी गाडी याच्याभोवती कलते.
तू गाडी एक बोट उतरवलीस
की हे दोन बोटं उतरतं.
हाव धरलीस तर जमिनीत जाऊन बसतं.
मग गाडी दिसायला बसकी,
आणि वळणावर आधीपेक्षा जास्त झोकांड्या खाणारी.
उभी असताना रुबाब, घाटात फजिती.'

गेथिन लादीकडे बघत राहिला.
टिंब तिनं बोटानं पुसलं, जरा वर पुन्हा काढलं.

दोन दिवस लागले.
हालायला जागा कमी, म्हणून स्प्रिंग थोडी ताठ.
स्प्रिंग ताठ, म्हणून डॅम्परही तिला आवरणारा.
सांध्याखाली एक लोखंडी चकती,
ते टिंब वर उचलण्यापुरती.
स्टिअरिंगचा दांडा खालच्या दांड्याला समांतर,
नाहीतर प्रत्येक उंचवट्यावर चाक
आपल्याच मनानं वळतं.

शेवटचे नट मात्र तिनं आवळलेच नाहीत.
गाडी लिफ्टवर होती, चारही पाय लोंबकळत.
'आत्ता आवळले तर आतलं रबर
या लटकण्यालाच घर समजेल,
आणि जन्मभर पीळ सोसेल.
आधी तिला जमिनीवर उभी राहू दे.
अंगाचा भार अंगावर येऊ दे.'
मग गाडीखाली सरपटत गेली, छप्पन्न वर्षांची बाई,
गुडघ्याला शिव्या देत,
आणि एकेक नट आवळला.

चार चाकांखाली चार काटे.
'वजन किती तुझं?'
'एकाहत्तर.'
मेंढ्यांच्या खाद्याच्या तीन पिशव्या चालकाच्या जागी,
वर अकरा किलोची हत्यारांची पेटी.
'बाजूला?'

गेथिन दाराबाहेर बघू लागला.
बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.
नेस्ट कार्डिफला गेली हे
गावात कुणाला सांगायची गरज नव्हती.
'रिकामी धर,' तो म्हणाला.

मैनिर काट्यांवरचे आकडे वाचत राहिली,
डावा मागचा जरा हलका होता, तो जुळवला.
मग चौथी पिशवी फोडून अर्धी केली
आणि बाजूच्या सीटवर ठेवली.
'रिकामं धरून कधी जुळवू नये,' एवढंच म्हणाली,
आणि पुन्हा पाना उचलला.

संध्याकाळी तो खिंडीत गेला, एकटाच.
पहिलं वळण, दुसरं.
तिसऱ्यावर एक मेंढी रस्त्यात उभी, रवंथ करत,
त्यानं ब्रेक दाबला, वळवली,
गाडी वळली, सावरली. मेंढीनं मान उचलली नाही.
काही घडलंच नाही.
इतकं काही घडलं नाही की
तो पुढे जाऊन थांबला, उतरला,
चाकावरच्या फटीत बोटं घातली.
दोन मावली. तिसरं नाही.
टायर ऊबदार होता.

परत बसला, किल्ली फिरवली,
आणि गाडी टुंग टुंग करू लागली.
बाजूच्या सीटवर वजन आहे, पट्टा नाही.
त्यानं इकडेतिकडे पाहिलं,
मग वाकून
अर्ध्या पिशवीला पट्टा बांधला.