समासातली पेन्सिल

मंगळवारी आमची पुस्तकांची गाडी
ओहाईवरून नाइटकॅप्सला जाते.
साउथलंडचा पाऊस आडवाच येतो,
मेंढ्या त्याला पाठ देऊन उभ्या.
चौथ्या फळीवर खुनी राहतात.
तीच फळी आधी रिकामी होते.

लोकर कातरणारा तामाती दोन नेतो,
जाडजूड, मधे फोटोंची गुळगुळीत पानं.
पोस्टातून निवृत्त झालेल्या मिसेस गॉल्ट म्हणतात,
"झोप छान लागते गं. शेवटी सापडतोच ना तो."
आणि मी? कुंपणाशी गाडी लावून
मांडीवर सँडविचचा डबा,
वाचते, कुऱ्हाड कुठे पुरली होती.
एक घास, एक परिच्छेद.
खोटं कशाला बोलू,
घास अडकला नाही कधी.

त्याचं बालपण चाळीस पानं.
त्याचं तोतरेपण, बापाचा पट्टा, मेलेलं मांजर,
त्याचे शांत डोळे.
(लिहिणाऱ्याला ते नेहमी शांतच कसे दिसतात?)
त्या सहा जणींना मिळून अकरा पानं.
तेव्हा मी मोजली नव्हती.

मग परत आलेल्या एका प्रतीत
पान एकशे बाराच्या समासात पेन्सिल,
शाळेत गिरवल्यासारखं अक्षर:
'कोट निळा नव्हता. हिरवा. अस्तर मी लावलं होतं.'

पुढच्या पानावर: 'एकटी राहायची नाही. आम्ही दोघी होतो.'
'हसरी' या शब्दाखाली रेघ,
शेजारी प्रश्नचिन्ह, ते खोडून
'कधी कधी.'
आणि 'दारूच्या नशेत' जिथे छापलंय
तिथे काहीच लिहिलेलं नाही,
फक्त कागद घासून घासून इतका पातळ
की पलीकडची ओळ उलटी दिसते.

त्यानंतर पेन्सिल नाही.
त्याचा खटला, त्याची कोठडी,
त्याला पत्रं लिहिणाऱ्या बायका.
तिने पुढे वाचलं नसेल,
किंवा वाचलं, आणि
तिथे दुरुस्त करण्यासारखं तिचं काही नव्हतं.

हे पुस्तक नेलेली नऊ नावं यंत्रात निघाली.
नऊही जणी-जण ओळखीचे.
कोणाला शिवणकाम येतं, कोणाचं वय बसतं,
बोट एकेका नावावर थांबू लागलं
आणि मला माझीच लाज वाटली.
ही चटक त्याच फळीची.
पडदा बंद केला.

नियम असा, की ग्रंथालयाच्या पुस्तकातलं
पेन्सिलीचं लिखाण खोडून टाकावं.
खोडरबर खणात आहे. नवंकोरं.
पुस्तक तसंच फळीवर ठेवलं.

तामातीने नेलं ते, तीन आठवड्यांनी आणून दिलं,
एक उशिराचं म्हणून दंड विचारला,
बाहीवरची लोकर झटकली,
पायरी उतरला, पुन्हा वर आला.

"हिरवा होता," म्हणाला. "कोट."