उंचीचा रकाना

रविवार, सकाळचे साडेनऊ. एरंडवण्यात तळघरातलं सभागृह.
गाडी लावायला जागा नाही, म्हणून
निम्मे श्वासतज्ज्ञ धापा टाकत आलेले.
माझ्या गळ्यातल्या पट्टीवर दांगटचं दगट झालंय.
नोंदणी नऊशे रुपये, गुण दोन.
नूतनीकरणाला अजून अकरा कमी.

टेबलावर रबरी फुफ्फुस.
फुगतं, बसतं, फुगतं,
कुणाचंच नसल्यासारखं नियमित.

शिकवतेय गार्गी निम्हण.
बारा वर्षांपूर्वी माझ्याच हाताखाली
नळीत साठलेलं पाणी ओतायला शिकली ही.
अजून सर म्हणते, आणि तरी चूक दाखवते,
हे बरंय.

म्हणाली, माणूस सुटतो, फुफ्फुस सुटत नाही.
वजनकाटा राहू द्या, टेप काढा.
उंचीवरून वजन धरा, सहाने गुणा,
तेवढाच हवेचा घास.
नवीन नाही हे, पण वॉर्डात अजून किती जण करतात?

माझ्याही कानावर पडलं होतं, कधीच.
कानावर पडणं आणि ऐकणं
यांच्या मधे एक अख्खी नोकरी मावते.

अभिप्रायाच्या कागदामागे मी हिशेब मांडला.

नामदेव पासलकर. दोन हजार चार, फेब्रुवारी, खाट सात.
मूळचे मुळशीकडचे पैलवान,
नंतर भवानी पेठेत गुळाची वखार.
वजन एकशे चार. कूस बदलायला तिघं लागायचो.
एवढा गडी, म्हटलं, श्वासही तसाच लागणार.
आठशे लावले.
सांगितलं साहेबांनी,
पण बटण माझ्या अंगठ्याखाली होतं.

उंची?
फाइलीत रकाना होता, कोरा.
मला खाट आठवते.
त्यांच्या टाचांपासून लोखंडी दांड्यापर्यंत
घडीची चादर मावायची, तिच्यावर जेवणाचा डबा.
बायको रोज तिथेच ठेवायची.
पाच फूट दोन, धरू.
म्हणजे वजन साडेचोपन्नच्या आसपास,
गुणिले सहा,
तीनशे अठ्ठावीस.

आठशे वजा तीनशे अठ्ठावीस.
चारशे बहात्तर, दर श्वासाला जास्तीचे,
मिनिटाला सोळा वेळा, नऊ दिवस.
पुढचा गुणाकार केला नाही.
कॅल्क्युलेटर खिशात होता.

न्यूमोनिया होता, साखर होती, वय होतं.
कारणं पुष्कळ होती आणि सगळी खरी.
जाताना बाईंनी माझ्या हातावर गुळाची ढेप ठेवली,
लई जागलात तुम्ही, म्हणाल्या.
घरी आम्ही ती चैत्रापर्यंत पुरवली.

कुणाला काही शंका?
मागून एकानं विचारलं, सर्टिफिकेट हातात की मेलवर?
मग मी हात वर केला.
ताठ न होणारं माणूस मोजायचं कसं?
गार्गीनं माझाच हात धरला सगळ्यांसमोर,
कोपर टेबलावर टेकवलं,
मनगटाच्या हाडापर्यंत टेप ताणली.
सर, सैल सोडा ना.
सव्वीस, म्हणाली. फळ्यावर माझी उंची लिहिली.
बरोबर आली.

संध्याकाळी लक्ष्मी रोडच्या मागे, शिवणकामाच्या दुकानातून
वीस रुपयांची टेप घेतली, पिवळी.
आठला ड्यूटी.
खाट चारवर एक आजी, मुठीसारखी मिटलेली.
कोपर सोडवलं, मोजलं, एकवीस.
वॉर्डबॉय म्हणाला, ब्लाउज शिवताय का काय?
तक्ता पाहिला, आकडा काढला, दोनशे साठ.
पडद्यावर श्वास इवलासा उमटला,
चिमणीनं उष्टावल्यासारखा.
सिस्टर म्हणाल्या, पुरेल का हो एवढ्यानं?
अंगठा बटणाकडे गेला, जुन्या सवयीनं.
खिशात घातला.

पहाटेपर्यंत दोनदा रक्त तपासलं.
मग रकान्यात लिहिलं, एकशे पन्नास.
पेन नीट उठेना,
पुन्हा गिरवलं.